हर्णैच्या मावशी, फुटलेली दाढ आणि गणपतीआधी हवी असलेली कॅप

रुग्ण 49 वर्षांच्या, हर्णैच्या. बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि दापोलीच्या बाजारात बसून विकायची, हा त्यांचा धंदा. इथे त्यांना नुसतं मावशी म्हणू. दवाखान्यातही मी तेच म्हणते. त्या पहिल्यांदा आल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन बंदरावरची माणसं दवाखान्यात येतात. वेळ असतो तो तेव्हाच. पैसा मात्र नेमका तेव्हा नसतो. तो नारळी पौर्णिमेनंतर होड्या भरून यायला लागल्या की हातात येतो. किनाऱ्यावर कॅपचं काम करताना हे वेळापत्रक दाताच्या एक्स-रेइतकंच नीट बघावं लागतं. या प्रकरणात तर निम्मे निर्णय त्यानेच ठरवले.

तक्रार सरळ होती. भाजलेली आठळी चावताना डावीकडची खालची दाढ फुटली. तुकडा त्यांनी पदराच्या टोकाला बांधून आणला होता. "ह्यो परत चिकटवता येत आसंल तर चिकटव बाय, नायतर कॅप बसव. आणि त्या बाजूला दात नाय, तिथंबी एक बसव. गणपतीला मुंबैवरनं सगळी येतात."

चिकटवता येणार नव्हता. कॅपसुद्धा लगेच बसवता येणार नव्हती, आणि ते पटवण्यात पहिली भेट जवळजवळ संपली.

फुटलेली दाढ म्हणजे दंतवैद्यकाच्या क्रमांकाने 36, खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. सहा-सात वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी तिचं रूट कॅनल झालं होतं. कॅप बसवून घ्या असं तेव्हाही सांगितलेलं होतं. पण दुखायचं थांबलं, हंगाम सुरू झाला आणि कॅप राहिली ती राहिलीच. हे सतत दिसतं, आणि त्यात मी पेशंटला फार दोष देत नाही. ठणका लागला की माणूस मध्यरात्रीसुद्धा दार वाजवतो. न दुखणाऱ्या दाताला पैसे घालायचे ही गोष्ट पोट हातावर असलेल्या घरात सहज गळी उतरत नाही.

तरी कारण समजून घ्यायला हवं. रूट कॅनल केलेला दात मेला म्हणून ठिसूळ होतो, असं सगळे म्हणतात. खरी गोष्ट वेगळी आहे. आधी किडीने दाताचा गाभा खाल्लेला असतो, मग नसेपर्यंत पोहोचायला डॉक्टर वरून वाट करतात. दाढेचं छत जातं, दोन बाजूंना जोडणारे कडेचे बांध जातात आणि उरतात त्या नुसत्या उभ्या भिंती. प्रत्येक घासाला त्या बाहेरच्या दिशेने किंचित वाकतात. असं वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस आठळी निमित्त होते. खालच्या दाढांमध्ये बहुधा जिभेकडची भिंत जाते. मावशींची तीच गेली होती. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॅप न बसवलेले रूट कॅनलचे दात कॅपवाल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले जात असल्याचं आढळलं होतं. पुढच्या, हसताना दिसणाऱ्या दातांना हा नियम एवढा कडक लागू होत नाही. दाढांना होतो.

उजवी बाजू आणखी जुनी कहाणी होती. खालची पहिली दाढ, 46, पंधराएक वर्षांपूर्वी काढलेली. रिकाम्या जागेकडे मागची दाढ पुढे कलली होती आणि तिच्या समोरची वरची दाढ, 16, टेकायला कोणी नाही म्हणून खाली उतरली होती. म्हणजे इतकी वर्षं सगळं चावणं डावीकडे, त्याच रूट कॅनल झालेल्या, कॅप नसलेल्या दाढेवर.

आणि मिश्री. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी डाव्या गालात चिमूटभर धरून ठेवायची. तिथे हिरडी खाली सरकली होती आणि आतल्या कातडीवर सुरकुतलेला, करडट पांढरा चट्टा होता. जखम नव्हती, बोटाला कडकपणा लागत नव्हता. तरी कॅपबद्दल बोलण्याआधी मी आरशात तो चट्टा त्यांना दाखवला. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. दात घासायचं काम तिच्याकडे दिलं म्हणून ती औषध होत नाही. मिश्री सोडल्यावर असे चट्टे बहुतेक वेळा काही आठवड्यांत जातात. दोन-तीन आठवड्यांत विरला नाही तर तुकडा तपासायला पाठवायचा, एवढं ठरलं.

तपासणीतला पहिला खरा प्रश्न असा: फूट दाढेच्या वरच्या भागातच थांबली आहे की मुळात उतरली आहे? मूळ उभं चिरलं असेल तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ, दाढ काढावीच लागते. हिरडीच्या कडेने मोजणीची काडी फिरवली. एकाच जागी अरुंद आणि खोल फट लागली तर चिरेचा संशय बळावतो. इथे सगळीकडे मोजमाप 3 मि.मी.च्या आसपास आलं. एक्स-रेमध्ये मुळाभोवती कडेकडेने वर चढणारी काळी सावलीही नव्हती. पुढच्या मुळाच्या टोकाला मात्र लहानशी होती. जुनं भरण टोकापासून 2 मि.मी. अलीकडेच थांबलेलं. शिवाय वरचं सिमेंट कधीच गळून पडलं होतं, म्हणजे रूट कॅनल लाळेत उघडं. अशा दाढेवर थेट कॅप बसवली तर आतला संसर्ग झाकून ठेवल्यासारखं होतं. म्हणून आधी रूट कॅनल पुन्हा करायचं.

दुसरा प्रश्न कॅपला धरायला काय उरलंय याचा. हर्णैच्या बंदरावर होडीतली मासळी किनाऱ्यावर आणणाऱ्या बैलगाड्या असतात. त्यांच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवलेली असते, म्हणून आरे-पाटे फाकत नाहीत. कॅपची कडा दातासाठी तेच करते, पण त्यासाठी तिला सगळीकडून 1.5 ते 2 मि.मी. उंचीची निरोगी भिंत लागते. ती पकड कृत्रिम सिमेंटवर नाही, खऱ्या दातावर हवी. दाढेत खांब रोवून वर सिमेंटचा गाभा उभा केला की दात भक्कम झाला, हा समज पेशंटमध्येच नाही, काही डॉक्टरांमध्येही आहे. खांब फक्त गाभा धरतो. दाताला धरते ती ही पकड.

मावशींच्या दाढेला तीन बाजूंना ही भिंत होती. जिभेकडे फूट हिरडीच्या 1 मि.मी. खाली गेलेली आणि तिथून हाड जेमतेम दीड मि.मी.वर. कॅपची कडा आणि हाड यांच्यात साधारण 3 मि.मी. अंतर सोडावं लागतं, कारण तेवढ्या जागेत हिरडी दाताला चिकटलेली असते. त्या जागेत कॅप घुसवली की हिरडी कायमची सुजलेली, ब्रश लागला की रक्त. म्हणजे जिभेकडचं थोडं हाड आणि हिरडी उतरवून दाढेची भिंत उघडी करायला हवी. हिशेब केला तर 3 मि.मी. हाड काढावं लागत होतं. पण या दाढेची दोन मुळं जिथे फाटतात तो फाटा जिभेकडे दाताच्या मानेपासून सुमारे 4 मि.मी.वर असतो. तेवढं हाड काढलं तर फाटाच उघडा पडणार, अन्न अडकणार, दाढ त्याच मार्गाने जाणार. म्हणून 2 मि.मी.वर थांबायचं ठरवलं. तीन बाजूंना पूर्ण पकड, चौथ्या बाजूला जेमतेम अर्धा मि.मी. पुस्तकातलं उत्तर हे नव्हे. पण अर्धवट पकड शून्य पकडीपेक्षा नक्कीच बरी, आणि दाढ काढली तर मावशींना दोन्ही बाजूंनी चावायला पहिली दाढच उरत नव्हती.

हे सगळं सांगितल्यावर मावशींनी मुंबईच्या मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मुलगा आईच्या काळजीने बोलत होता, पण त्याचा प्रश्न एकच. "डॉक्टर, झिर्कोनियाच टाका. पंधरा वर्षांची गॅरंटी असते ना?"

झिर्कोनिया म्हणजे दाताच्या रंगाची, कडक सिरॅमिकची कॅप. गॅरंटी असते. कार्डही मिळतं, त्यावर होलोग्रामही असतो. पण ते कार्ड कॅपचं आहे. कॅप फुटली तर कंपनी नवी देईल. कॅपच्या कडेखाली दात किडला, मूळ चिरलं, हिरडी सरकली, तर त्यात कार्डाचा संबंध नाही. आणि कॅपची कामं फसतात ती बहुतेक याच कारणांनी. झिर्कोनिया फुटणं फार कमी. जे सहसा होतच नाही त्याची गॅरंटी देणारी माणसं धंद्याला पक्की आहेत, एवढं खरं. मी त्याला म्हणाले, "दादा, कुठली कॅप ते सप्टेंबरात ठरवू. आता आईची साखर तपासू या."

साखरेचा संशय हिरड्यांवरून आला होता. मावशींना तहान फार लागायची, रात्री उठावं लागायचं. त्याचं कारण त्या उन्हाला आणि खाऱ्या मासळीला देत होत्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी चाचणी 9.4 आली. मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. उपजिल्हा रुग्णालयातून गोळ्या सुरू झाल्या. हाड-हिरडीचं काम अर्थातच पुढे गेलं. साखर चढलेली असताना जखम भरत नाही आणि संसर्ग लवकर होतो. एचबीए1सी तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, त्यामुळे ती महिन्याभरात फारशी हलत नाही. शस्त्रक्रियेसाठी वाट बघायची ती रोजची उपाशीपोटीची साखर स्थिर होण्याची, असं फिजिशियनशी बोलून ठरवलं.

अशा वेळी पेशंट हातचा जातो. दुखत नाही, कॅप मिळत नाही आणि डॉक्टर साखरेबद्दल, मिश्रीबद्दल बोलतोय. मावशी टिकल्या याचं श्रेय मासेमारीच्या बंदीला. जायचं कुठे?

जूनमध्ये रूट कॅनल दोन बैठकांत पुन्हा केलं. जुनं भरण काढल्यावर मागच्या मुळात एक अख्खी नळी पूर्वी सापडलीच नव्हती असं दिसलं. खालच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या धरून चालतात. चौथी बऱ्याच जणांना असते आणि भिंग नसेल तर ती सहज निसटते. दोन बैठकांच्या मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून ठेवलं. शेवटी कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या भरणाचा, गाभा बांधला आणि दाढ चावण्यातून बाहेर राहील इतकी उतरवली.

गालातला चट्टा याच काळात अर्धा कमी झाला, पूर्ण गेला नाही. कारण मिश्री चारवरून एकवर आली होती, सुटली नव्हती. "सकाळची नाय लावली तर पोट साफ होत नाय," हे उत्तर या पट्ट्यात मिश्री लावणाऱ्या बायकांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की वाद घालणं सोडून दिलंय. तुकडा तपासायला खेडच्या डेंटल कॉलेजात पाठवला. पेशींमध्ये कर्करोगाच्या दिशेचे बदल नव्हते. तो अहवाल वाचून दाखवल्यावर, त्या भीतीने की सुटकेने माहीत नाही, सकाळचीही बंद झाली.

जुलैच्या अखेरीस उपाशीपोटीची साखर सलग 130 च्या आत आली आणि जिभेकडची छोटी शस्त्रक्रिया झाली. तिथे चीर घेताना जिभेच्या संवेदनेची नस जवळ असते, त्यामुळे हात सावकाश चालवावा लागतो. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही. नंतर सहा ते आठ आठवडे हिरडी आपल्या जागी स्थिरावू द्यायची असते. त्याआधी माप घेतलं तर हिरडी पुढे सरकते आणि कॅपची कडा एकतर उघडी पडते नाहीतर रुतते. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. पक्की कॅप गणपतीआधी होणार नव्हती, हे जूनमध्येच सांगितलेलं. तरी ऑगस्टमध्ये त्यांचं तोंड उतरलंच.

तात्पुरती ॲक्रिलिकची कॅप करून दिली. ती चिकटवायला लवंगेच्या अर्काचं, म्हणजे युजेनॉलचं सिमेंट वापरलं नाही. युजेनॉल दाताला शांत करतं, पण पुढे रेझिनचं सिमेंट वापरायचं असेल तर त्याचा अंश रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. याच कारणासाठी मावशींची लवंगेच्या तेलाचा कापूस दाताला लावायची सवयही बंद करायला सांगितली. मोदक, घावणे, उसळ, सगळं खा म्हटलं. आंबापोळी आणि फणसपोळी तेवढी डावीकडे चावू नका. त्यांनी फणसपोळी खाल्ली. विसर्जनाच्या आदल्या दिवशी कॅप हातात घेऊन आल्या, हसत. पुन्हा चिकटवली. तात्पुरत्या कॅपची तीच जात आहे, सहज निघायला हवी आणि कधीकधी नको तेव्हा निघते.

सप्टेंबर संपत आला तेव्हा हिरडी निरोगी दिसत होती आणि मावशींकडे हंगामाचे पैसे होते. आता कॅपचा प्रकार. दाढेची उंची तासल्यावर जेमतेम 4 मि.मी. राहत होती, आणि दाढेवरची कॅप नुसत्या सिमेंटवर न अवलंबता टिकायची तर तेवढी किमान उंची लागतेच. म्हणजे वरून जितकं कमी तासू तितकं बरं. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला वर दीड ते 2 मि.मी. जागा लागते, ती इथे परवडणारी नव्हती. सगळ्यात कमी जागेत भागते ती पूर्ण धातूची. माझं मत तिच्या बाजूने होतं: स्वस्त, समोरच्या दाताला सौम्य, मागच्या दाढेत दिसतही नाही. मावशी म्हणाल्या, "बाजारात बसून हसायचं आसतं बाय. लोखंड कशाला दाखवू?" हा मुद्दा मला खोडता आला नाही. एकसंध झिर्कोनिया सुमारे 1 मि.मी.तही निभावते, म्हणून ती ठरली. मुलाची इच्छा पुरी झाली, पण गॅरंटीमुळे नव्हे, जागा कमी होती म्हणून.

माप सिलिकॉनचं घेतलं. आमच्याकडे स्कॅनर नाही, लॅब पुण्याला आणि घाटरस्त्यांचा पावसात भरवसा नाही. पार्सल दोन दिवस अडकलं तरी चांगलं सिलिकॉन आकार सोडत नाही. अल्जिनेटचं माप तासाभरातच बिघडायला लागतं. एक गोष्ट नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी: लॅटेक्सच्या हातमोज्यांनी सिलिकॉनची पुट्टी मळू नका. त्यातलं गंधक पुट्टीला पूर्ण घट्ट होऊ देत नाही आणि नेमकी कडेची रेघ पुसट येते.

कॅप आल्यावर दोन ठिकाणी उंच लागत होती. झिर्कोनिया घासली की ती जागा आरशासारखी चकचकीत करून द्यावीच लागते. गुळगुळीत झिर्कोनिया समोरच्या दाताला फारशी झिजवत नाही, खरखरीत राहिली तर कानस होते. घालून बघताना कॅपला आतून लाळ लागते आणि लाळेतलं फॉस्फेट झिर्कोनियाला घट्ट धरतं. ते फॉस्फोरिक आम्लाने धुवायला गेलं तर उलट आणखी फॉस्फेट चढतं. म्हणून आतली बाजू ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून स्वच्छ केली आणि रेझिनच्या सिमेंटने कॅप बसवली. सकाळ-संध्याकाळ लिलाव असल्याने मावशींना दुपारची वेळ दिली होती. त्या टोपली दवाखान्याच्या दारात ठेवून आल्या होत्या आणि मांजराच्या काळजीत होत्या.

उजव्या रिकाम्या जागेचं काय? तिथे तीन दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून मधे जोडलेला दात, दोन आठवड्यांत झाला असता, आणि गणपतीआधीही. मी नको म्हटलं. ब्रिजसाठी पुढची उपदाढ, म्हणजे लहान दाढ, तासावी लागली असती, जी पूर्ण निरोगी होती. मागची दाढ एवढी कलली होती की तिला उपदाढेच्या रेषेत आणायचं तर नसेपर्यंत तासावं लागलं असतं. वरची उतरलेली 16 सुद्धा कापून कॅप घालावी लागली असती. एका गेलेल्या दातासाठी तीन चालते दात. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या कायझर यांनी 1981 साली मांडलं होतं की उपदाढांपर्यंतचे दात जोडीने शाबूत असतील तर पुष्कळ लोकांचं चावण्याचं काम ठीक चालतं. मासळी, भात आणि भाकरी खाणाऱ्या तोंडासाठी ते मला पटतं. आठळीपुरतं नाही पटत. म्हणून उजवीकडे कललेल्या दाढेजवळ अन्न अडकायचं ती जागा साफ करून, 16 चा टोचणारा कोपरा गोल करून थांबले. काढता-घालता येणारा एक दात करून देऊ का विचारलं, तर तो लिलावातल्या ओरडण्यात समुद्रात जाईल म्हणून त्यांनीच नाकारलं.

पुढच्या जूनमध्ये मावशी स्वतःहून आल्या. कॅपभोवतीची हिरडी जिभेकडे थोडी लाल होती. तिथे ब्रश पोहोचत नव्हता, म्हणून एका गुच्छाचा छोटा ब्रश दिला. एक्स-रेत मुळाच्या टोकाची सावली बरीच आकसली होती. चट्टा गेला होता. एचबीए1सी 7.2. आता त्यांना उजवीकडे स्क्रूवाला दात, म्हणजे हाडात बसवायचा इम्प्लांट, हवा आहे, पैसे बाजूला ठेवलेत म्हणाल्या. पंधरा वर्षं रिकामी असलेल्या जागेत हाडाची रुंदी किती उरली आहे ते थ्रीडी स्कॅनमध्ये बघायचं आहे, आणि उतरलेल्या 16 मुळे वर कॅपला उंची पुरेल का हेही. स्कॅनसाठी खेडला पाठवलं आहे. हाड पुरलं तर इम्प्लांट याच बंदीत बसेल आणि तो जुळायला तीनेक महिने जाऊन कॅप पुन्हा गणपतीनंतरच. ते ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मंग दिवाळीला दे."